भितरकनिकाला जायचंय? मग मे महिना सोडा

जळगाव-भुसावळकडे लांबची सहल म्हणजे मे महिना, पोरांच्या शाळा सुटल्या की. ओडिशातलं भितरकनिका राष्ट्रीय उद्यान नेमकं तेव्हाच बंद असतं. १ मे ते ३१ जुलै हा खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा विणीचा काळ. मादी पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी घालते, शेजारीच राखणीला बसते आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जाते. जानेवारीच्या सुरुवातीला मगरींची गणना होते, तेव्हाही काही दिवस पर्यटन थांबतं. दिवाळीची सुट्टी सोयीची खरी, पण हवामानाचा अंदाज बघूनच निघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकलं होतं. माझं मत विचाराल तर डिसेंबर नाहीतर फेब्रुवारी.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास आणि संशोधन यांसाठी प्रवेश परवाना मिळतो. आपण पर्यटक, त्यामुळे खोला किंवा गुप्ती प्रवेशद्वारावर शुल्क भरून काम होतं. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी नमुने गोळा करायला निघाले असतील, तर त्यांना मुख्य वन्यजीव रक्षकांकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

प्रत्येकाचं फोटो ओळखपत्र मूळ प्रतीत घ्या, सोबत एकेक झेरॉक्स. डांगमाळला जंगलात मुक्काम करायचा असेल, तर ओडिशा वनविभागाच्या इकोटूर संकेतस्थळावर आधीच बुकिंग करा. तिथे नावं आधारवर आहेत तशीच भरा. आपल्याकडे हमखास घोळ होतो तो इथेच: वहिनींचं आधार माहेरच्या नावाचं आणि बुकिंग सासरच्या. परदेशी पाहुणा सोबत असेल तर त्याचा पासपोर्ट लागेल. शस्त्र नेणं आणि आग पेटवणं कायद्यानेच मना आहे, तेव्हा खाडीकाठी चूल मांडून भरीत-भाकरीचा बेत विसरा.

भुसावळहून हावडा लाइनने खरगपूर, तिथून भद्रक, पुढे रस्त्याने चांदबाली आणि मग बोट. बोटीत हात पाण्याबाहेर ठेवा. चिखलात पडलेला ओंडका डोळे मिटून पडलेली मगर निघू शकतो.

कासवांसाठी मात्र एवढी धडपड करू नका. भितरकनिकाला लागूनच्या गहिरमाथ्याच्या किनाऱ्याला ज्या बेटांवर ती अंडी घालतात, तिथे पर्यटकांना सोडत नाहीत. पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर आपल्याला कोकणातलं वेळासच जवळ.