खिडकीची चतुःसीमा

जून लागला की आमच्या अंबाजोगाईत पावसाच्या आधी दाखल्यांचा मोसम येतो. उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर. सेवा केंद्रांपुढे सकाळपासून पालकांच्या चपलांचा ढीग. अशाच एका केंद्रात माझा जुना विद्यार्थी बसतो. परवा भाचीच्या दाखल्यासाठी मी शटर वर जायच्या वेळेलाच जाऊन बसलो. त्यानं संगणक चालू केला, खालच्या पट्टीतल्या क्रोम ब्राउझरच्या चिन्हावर क्लिक केलं, आणि खिडकी उघडली ती अर्ध्या पडद्याएवढी, डाव्या बाजूला अंग चोरून बसलेली. त्यानं पडद्याकडे न बघताच माउस नेला, चौकोनी बटण दाबलं. खिडकी पडदाभर झाली.

“सर, रोज सकाळी असंच करायलंय हे,” तो म्हणाला. “दुरुस्तीवाला म्हणला व्हायरस हाय, फॉरमॅट मारावा लागंल. ५०० सांगायलाय.”

व्हायरस नव्हताच. पण त्याच्या ५०० रुपयांपेक्षा मला त्या खिडकीत जास्त रस वाटला. इतकी वर्षं संगणक शिकवतोय. बहुतेकांना ‘मॅक्झिमाइझ’ म्हणजे खिडकीचं सगळ्यात मोठं माप वाटतं. मॅक्झिमाइझ हे माप नव्हे, ती खिडकीची अवस्था. एवढा फरक कळला की पुढचं सगळं कोडं उलगडतं.

करून बघा. खिडकी मॅक्झिमाइझ करा आणि तेच बटण परत दाबा. खिडकी तिच्या जुन्या जागी, जुन्याच मापात येऊन बसते. म्हणजे ती पडदाभर पसरलेली असतानाही तिचं आधीचं माप कुणीतरी सांभाळून ठेवलेलं असतं.

जमिनीच्या खरेदीखतात गट नंबर, क्षेत्र आणि मग चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. विंडोज ही प्रणाली प्रत्येक खिडकीचं असंच खत ठेवते. त्याचं नाव ‘विंडो प्लेसमेंट’. त्यात खिडकीची डावी, वरची, उजवी आणि खालची कड असे चार आकडे असतात, आणि ते कायम साध्या अवस्थेतले. शेजारी वेगळ्या रकान्यात एक आकडा: १ म्हणजे साधी, २ म्हणजे मिनिमाइझ केलेली, ३ म्हणजे मॅक्झिमाइझ केलेली. चौकोनी बटण दाबलं की त्या रकान्यात १ चा ३ होतो. चतुःसीमेला कुणी हात लावत नाही. मालक बाहेरगावी गेला म्हणून बांध सरकत नाही, तसंच.

हे शब्दही जन्मजात नाहीत. १९८५ साली आलेल्या विंडोज १.० मध्ये खिडक्या एकमेकींवर चढूच शकत नव्हत्या, फरशांसारख्या शेजारी शेजारी बसायच्या, आणि मोठं करण्याला ‘झूम’ म्हणत. एकमेकींना झाकणाऱ्या खिडक्या आणि ‘मॅक्झिमाइझ’ हा शब्द १९८७ च्या २.० मध्ये आला.

आता मला सगळ्यात आवडणारी गंमत. त्या केंद्रातला लॅपटॉप नेहमीचा, १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा, त्यावर विंडोज १०. खालची पट्टी ४० ठिपके खाते, म्हणजे उंचीला उरले ७२८. मग मॅक्झिमाइझ केलेली खिडकी १३६६ गुणिले ७२८ भरायला हवी. प्रत्यक्षात ती भरते १३८२ गुणिले ७४४! तिचा डावा-वरचा कोपरा उणे ८, उणे ८ वर असतो, म्हणजे पडद्याच्या बाहेर. कारण साधं आहे. माउसनं धरून ओढता यावं म्हणून खिडकीला चारी बाजूंनी ८ ठिपक्यांची चौकट असते. मॅक्झिमाइझ अवस्थेत ओढायचंच नसतं, म्हणून विंडोज ती चौकट पडद्याच्या कडांबाहेर ढकलून देते. धोतराचा सोगा खोचावा तसं. तेव्हा माउसनं कोपरे ओढून ओढून खिडकी पडद्याएवढी केली, तरी ती मॅक्झिमाइझ होत नाही. रकान्यातला आकडा १ चा १ च राहतो, फक्त चतुःसीमा फुगते.

(जाता जाता: खिडकीच्या आतल्या जागेचं माप कुठल्याही संकेतस्थळाला वाचता येतं, आणि त्यावरून तुमच्या पडद्याचा अंदाज बांधता येतो. म्हणून ओळख लपवण्यासाठी बनवलेला टॉर ब्राउझर मुद्दाम छोट्या खिडकीत उघडतो आणि पानाभोवती रिकामी पट्टी सोडून माप २०० गुणिले १००च्या पटीत ठेवतो. सगळ्यांची मापं सारखी दिसली की कुणी एकटा उठून दिसत नाही. मोठी खिडकी सगळ्यांनाच हवी असते असं नाही.)

अडचण पुढे आहे. खिडकी बंद झाली की विंडोजकडचं ते खत संपलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उघडायचं, तर ब्राउझरला स्वतःची नक्कल ठेवावी लागते. क्रोम ती ‘प्रेफरन्सेस’ नावाच्या फाइलीत ठेवतो, ती त्याची वही. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर साधा मजकूर दिसतो: चार सीमा, मॅक्झिमाइझ होती का याचं हो किंवा नाही, आणि त्या वेळी पडद्याची वापरता येणारी जागा केवढी होती ते. हे शेवटचं का? तर उद्या लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला आणि पडदाच बदलला, तर खिडकी पडद्याबाहेर उघडू नये. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरची वही वेगळी, नोंदी त्याच धर्तीच्या.

लिहायची पद्धतही बघण्यासारखी आहे. क्रोम प्रत्येक बदल लगेच डिस्कवर लिहीत नाही. बदल साठवून काही सेकंदांनी एकदम लिहितो. आणि तेही थेट मूळ फाइलीवर नाही. आधी तात्पुरती फाइल पूर्ण लिहायची, मग तिला जुन्या फाइलीचं नाव द्यायचं. मधेच लाइट गेली तर जुनी फाइल तरी शाबूत राहते. ही खबरदारी कशासाठी, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

आणि आता चोर सापडतो. खिडक्या दोन असल्या, तरी वहीत साध्या खिडकीच्या नोंदीला रकाना एकच. दोघीही बंद होताना त्यातच लिहून जातात. मागून लिहिणारीचं टिकतं.

मी पोराला विचारलं, “दुसरी खिडकी कुठली उघडी असते रे तुझी?”

“व्हॉट्सअ‍ॅपची की सर. लोक आधारचे फोटो पाठवतेत. डाव्या अंगाला छोटी करून ठेवतो.”

“आणि संध्याकाळी आधी कुठली बंद करतोस?”

“मोठी. व्हॉट्सअ‍ॅप शेवटी. कुणाचा फोटो यायचा ऱ्हायला असंल तर.”

रोज संध्याकाळी ब्राउझरमधलीच व्हॉट्सअ‍ॅपची अर्धी खिडकी मागून बंद होत होती आणि आपली चतुःसीमा लिहून जात होती. सकाळी ब्राउझर तेच वाचून इमानेइतबारे अर्ध्या मापात उघडत होता. त्याचं काही बिघडलेलं नव्हतं.

या जागी एक तोडगा हमखास सांगितला जातो: कंट्रोल दाबून धरा, खिडकी तीनदा उघडा-बंद करा, चौथ्यांदा मोठी येते. येतेही! कारण या खटाटोपात शेवटी बंद झालेली खिडकी मोठी असते. कंट्रोलचा आणि तीन आकड्याचा त्यात काडीचा संबंध नाही. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनं निवृत्त केलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या काळापासून हा मंत्र चालत आलाय. खंडेनवमीला संगणकाची पूजा करतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. झेंडूच्या पाकळ्या पंख्यात जाऊ नयेत एवढंच. पण फॉरमॅट मारणं हा तोडगा म्हणजे बांधाचा वाद मिटवायला सगळं रानच पेटवून देणं.

बंद करायचा क्रम पाळायचा नसेल, तर वहीच्या वर हुकूम चालवावा लागतो. ब्राउझर उघडायच्या चिन्हावर, म्हणजे शॉर्टकटवर, उजवा क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘रन’पुढे ‘नॉर्मल विंडो’ असतं, तिथं ‘मॅक्झिमाइझ्ड’ निवडा. नव्या कार्यक्रमाला विंडोज उठवते तेव्हा त्याच्या कानात हा ३ सांगते. ऐकायचं की नाही, हे थोडंफार कार्यक्रमाच्या हाती. क्रोमला त्याहून पक्का हुकूम देता येतो. ‘टार्गेट’च्या ओळीच्या अगदी शेवटी, अवतरण चिन्हाच्या बाहेर, एक जागा सोडून इंग्रजीत दोन डॅश आणि त्याला चिकटून ‘स्टार्ट-मॅक्झिमाइझ्ड’ लिहायचं. मग वहीत काहीही असो.

हा हुकूम पहिल्याच खिडकीपुरता असतो. क्रोम आधीच चालू असेल, तर नव्यानं उठलेला क्रोम आपल्याला मिळालेला निरोप एका अदृश्य खिडकीमार्फत चालू असलेल्या क्रोमच्या हाती देतो आणि स्वतः मरतो. खिडकी उघडतो तो जुना, आणि माप घेतो तो सध्या वापरात असलेल्या खिडकीवरून. काही ब्राउझर सगळ्या खिडक्या बंद केल्यावरही मागं जागेच राहतात. तिथं शॉर्टकटचा निरोप वाया गेल्यासारखा वाटतो, तो याचमुळे.

मी डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये हे सगळं लिहून दिलं, चहा घेतला, ऐटीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फोन. “सर, परत छोटीच.”

चूक माझी होती. तो उघडतो खालच्या पट्टीवरून, आणि पट्टीवर अडकवलेलं चिन्ह हा वेगळा शॉर्टकट असतो. डेस्कटॉपवरच्या बदलाचा त्याला पत्ताही नसतो. मग फोनवरच सांगितलं: पट्टीतल्या चिन्हावर उजवा क्लिक, वर जी यादी उघडते तिच्यातल्या ब्राउझरच्या नावावर पुन्हा उजवा क्लिक, मग प्रॉपर्टीज. दोन डॅश ऐकवायलाच पाच मिनिटं गेली. मागं कुणीतरी जातीच्या दाखल्यासाठी घाई करत होतं.

आता सकाळी खिडकी पडदाभर उघडते. व्हॉट्सअ‍ॅप तो अजूनही शेवटीच बंद करतो.