कायरोनोमिडी कुल: नावांचा वाद आणि नात्यांचा शोध

न चावणाऱ्या चिलटांची, म्हणजे कायरोनोमिडी कुलाची, आज रूढ असलेली उपकुलांची मांडणी मुख्यतः गेल्या सहा दशकांत आकाराला आली. त्याआधीच्या काळात वर्णने भरपूर झाली, परंतु नात्यांचा विचार तुटपुंजाच राहिला. एकोणिसाव्या शतकात चावणारी चिलटेही याच कुलात मोडत. त्यांना स्वतंत्र कुलाचा दर्जा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळाला.

त्याच सुमारास नावांचा वाद पेटला होता. त्याचे मूळ १८०० साली पॅरिसमध्ये निघालेल्या एका छोट्या पुस्तिकेत आहे. तिच्यात एका जर्मन अभ्यासकाने द्विपंखी कीटकांच्या प्रजाती (जवळच्या जातींचे गट) पाडल्या, त्यांना नावे दिली आणि थोडक्यात लक्षणेही सांगितली, परंतु कोणत्याही प्रजातीखाली एकाही जातीचा उल्लेख केला नाही. तीनच वर्षांनी त्याने स्वतःच ही नावे बाजूला सारून टेंडिपीसऐवजी कायरोनोमस आणि पेलोपियाऐवजी टॅनिपस ही नावे रूढ केली, आणि पुढची शंभर वर्षे सगळ्यांनी तीच वापरली. विस्मृतीत गेलेली ही पुस्तिका १९०८ मध्ये टिप्पणीसह पुन्हा छापली गेली, आणि जे नाव आधी दिले तेच ग्राह्य, या नियमावर बोट ठेवून जुन्या नावांचा आग्रह धरला जाऊ लागला.

याचे परिणाम केवळ कागदी नव्हते. ब्रिटिश जातींवरील १९२९ च्या मोठ्या ग्रंथाने रूढ नावे सोडली नाहीत. उलट १९४० आणि १९५० च्या दशकांतील अमेरिकी व सोव्हिएत लेखनात कुलाचे नाव टेंडिपेडिडी असे झाले. टॅनिपोडिनी या उपकुलाचे पेलोपिनी झाले, तर चावणाऱ्या चिलटांचे कुल हेलिडी म्हणून ओळखले जाऊ लागले. सरोवराच्या गाळातील एकच अळी दोन देशांच्या याद्यांत दोन वेगळ्या कुलांची वाटावी, अशी ही स्थिती होती. अखेर १९६३ मध्ये प्राण्यांच्या नामकरणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या निवाड्याने १८०० ची नावे रद्दबातल ठरवली. अग्रक्रमाचा नियम नावे स्थिर राहावीत म्हणून असतो, आणि शतकभर रुळलेली नावे उखडण्यासाठीच त्याचा वापर होत असेल तर त्याला मुरड घालणे योग्यच होते. आक्षेप घ्यायचा तर विलंबावर घेता येईल, कारण तोवर ५५ वर्षे उलटली होती आणि त्या काळातील साहित्य वाचताना आजही दोन्ही नावे हाताशी ठेवावी लागतात.

दुसरी अडचण जीवनक्रमातून आली. प्रौढांचे वर्गीकरण नराच्या जननांगांवरून होई, तर जलाशयांचा अभ्यास करणाऱ्यांपुढे अळ्या असत. अळीचे डोके काचपट्टीवर चेपले की खालच्या बाजूस मेंटम ही दातेरी पट्टी दिसते, आणि कायरोनोमिनी या उपकुलात तिच्या दोन्ही अंगांना बारीक रेघांच्या रुंद पट्ट्या असतात. टॅनिपोडिनीच्या अळीत मात्र शृंगिका (स्पर्शिका) डोक्यात आत ओढल्या जातात. या दोन समांतर वर्गीकरणांना जोडणारा दुवा ठरली ती कोशाची, म्हणजे अळी आणि प्रौढ यांमधल्या अवस्थेची, पाण्यावर तरंगणारी कात. प्रौढांवर काम करणाऱ्यांनी तिच्याकडे फार काळ दुर्लक्ष केले.

नात्यांच्या चर्चेला खरे वळण १९६६ मधील एका स्वीडिश प्रबंधाने दिले. पोडोनोमिनी आणि अ‍ॅफ्रोटेनिनी यांसारख्या गटांची शाखाविभागणी दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्या परस्परांपासून दुरावण्याशी ताडून पाहिली गेली, आणि तीही भूखंडांच्या सरकण्याबद्दल एकमत झाले नव्हते तेव्हा. पुढे चिलीतील चिलेनोमायिनी आणि १९९४ मध्ये टांझानियातील उसांबारोमायिनी यांची भर पडून उपकुलांची संख्या ११ झाली.

२०१२ मधील रेणवीय विश्लेषणाने, म्हणजे जनुकांच्या तुलनेने, ब्यूकोनोमायिनी हे छोटे उपकुल उरलेल्या सर्वांच्या मुळाशी ठेवले आणि कुलाचा उगम पर्मियन कालखंडापर्यंत (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी) मागे नेला. ज्ञात जीवाश्म मात्र त्यानंतरच्या ट्रायासिक कालखंडाच्या अखेरच्या टप्प्यापर्यंतच (सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी) पोहोचतात, त्यामुळे मधल्या काळाचा आधार गणितावरच आहे. प्रोडायामेसिनी हे स्वतंत्र उपकुल की ऑर्थोक्लाडिनीचाच एक भाग, हा प्रश्नही याच विश्लेषणांमुळे पुन्हा पुढे आला. जनुकीय खुणांमुळे अळी आणि प्रौढ यांची जोडी आता प्रयोगशाळेत अळी वाढवल्याशिवायही जुळवता येते; चिलेनोमायिनी आणि उसांबारोमायिनी यांची ओळख मात्र अजूनही प्रौढांवरच बेतलेली आहे.