जोर मारणारे हात उलटे का टिकत नाहीत

एका दमात शंभर जोर मारणारा गडी भिंतीचा आधार सोडून हातांवर दहा सेकंदही उभा राहू शकत नाही, हे पुण्यातल्या कुठल्याही व्यायामशाळेत बघायला मिळतं. त्याच वेळी शेजारच्या हॉलमध्ये जिम्नॅस्टिक्स शिकणारी बारा वर्षांची काटकुळी मुलगी अर्धा मिनिट आरामात उलटी उभी असते. ताकद कुणाची जास्त, हा वाद इथे फिजूल आहे. दोघांचे खांदे वेगवेगळ्या कामासाठी घडलेत. ते कसे, हे कळायला शहरातल्या व्यायामाचा गेल्या दोनशे वर्षांचा प्रवास पाहावा लागतो.

आधी थोडा हिशेब. ७० किलो वजनाच्या माणसाने साधा पुश-अप मारला, तर हातांवर अंगाच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे ४५ ते ५० किलोंचा भार येतो. बाकीचा पायांवर राहतो. हातांवर उभं राहिलं की सगळे ७० किलो हातांवर, आणि तेही हात कानांना लागून सरळ वर असताना. भार वाढतो दीडपट, पण खरा फरक दिशेचा आहे. छातीसमोर ढकलणारा खांदा आणि डोक्यावर उचलून धरणारा खांदा यांत स्नायूंची कामगिरी बदलते. पहिल्यात छाती आणि दंडाचा मागचा भाग पुढे असतात. दुसऱ्यात खांद्याचा घुमट, मानेलगतचा स्नायू आणि पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं सपाट हाड, फिरवणारे बरगड्यांवरचे स्नायू राबतात.

आता तालमीकडे. पेठांमधल्या तालमी मुळात कुस्तीसाठी. चिंचेची तालीम, नगरकर तालीम, गोकुळ वस्ताद तालीम ही नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जोतीराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके यांनी त्यांच्याकडे दांडपट्ट्याचे, कसरतीचे धडे घेतले. गुरुजी तालमीचं नाव तालमीचं, पण आता ओळख मानाच्या तिसऱ्या गणपतीची. या सगळ्या ठिकाणी खोली साधारण एकाच धाटणीची: मध्ये लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीला टेकवलेली मुद्गलं आणि जोर मारायला मोकळी फरशी.

कुस्तीत समोरचा माणूस पुढून ढकलतो, मानेवर ओझं टाकतो, खाली दाबतो. त्याला तोंड द्यायला छाती, दंड, मान आणि कंबर हवी. डोक्यावर दोन्ही हात ताठ करून उभं राहायची वेळ पैलवानावर येत नाही. म्हणून तालमीने जो व्यायाम घडवला त्यात जोर, बैठका, सपाट्या आणि मानेचा पूल यांना मान मिळाला, आणि उलटं उभं राहणं बाजूला पडलं. याला उणीव म्हणू नये. ज्या कामासाठी व्यायाम होता ते काम त्याने चोख केलं.

गंमत म्हणजे जोरात हातावर उभं राहण्याचं बीज आहे, फक्त ते घाईत गिळलं जातं. पूर्ण जोर असा: पाय दोन वीत अंतरावर, तळवे खांद्यांच्या रुंदीला, कंबर वर उचललेली, डोकं दोन दंडांच्या मध्ये. इथून हनुवटी जमिनीजवळून पुढे सरकते, मागोमाग छाती, आणि कोपर सरळ करत छाती वर येते. परतताना कंबर पुन्हा पूर्ण वर. सुरुवातीच्या त्या स्थितीत दंड, पाठ आणि ढुंगण एका रेषेत आले, तर खांदा जवळजवळ पूर्ण उघडतो, म्हणजे हात कानांच्या रेषेत सरळ वर जातो. पण संख्या वाढवायची म्हटली की पहिला बळी जातो तो याच टप्प्याचा. कंबर अर्धीच वर जाते, डोकं दंडांच्या पुढे राहतं, आणि जोर सपाट होत जातो. शंभर सपाट जोरांपेक्षा चाळीस पूर्ण जोर खांद्याला जास्त शिकवतात, हे जुन्या वस्तादांना ठाऊक होतं आणि ते कंबरेवर काठी टेकवून सांगत.

तालमीतले लाकडी हत्ते हीसुद्धा लक्षात घेण्यासारखी गोष्ट. हत्ता मुठीत धरला की मनगट सरळ राहतं, छाती खोल जाते, सांधा दुखत नाही. पण वर्षानुवर्षं हत्त्यांवरच जोर मारलेल्या माणसाचा तळवा सपाट जमिनीवर टेकवून पाहा. हात आणि मनगटाचा काटकोन होतच नाही, तळव्याची टाच उचलली जाते. हातांवर उभं राहताना हाच काटकोन पूर्ण वजनाखाली लागतो. पैलवानाची पहिली तक्रार मनगटाची असते ती यामुळे.

तालमीच्या शेजारीच दुसरा धागा वाढला, तो मल्लखांबाचा. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पण आज आपण जो मल्लखांब पाहतो त्याची सुरुवात बाळंभटदादा देवधर यांच्यापासून धरतात. ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांनी पुण्याला आव्हान दिलं, बाळंभटदादांनी वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन अनुष्ठान केलं, झाडांवरच्या वानरांच्या उड्या पाहून खांबावरच्या पकडी बसवल्या आणि परत येऊन कुस्ती मारली, अशी कथा परंपरेने सांगतात. कथेतला दैवी भाग बाजूला ठेवा. खांबावर एकट्याने कुस्तीच्या पकडींचा सराव करायचा, ही कल्पना मात्र पक्की व्यवहारी आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, बाजीराव ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेले आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही उत्तरेला पोचली. पुढे काशीतही तिचा आखाडा झाला.

खांब सागाचा किंवा शिसवीचा, जमिनीवर साधारण साडेआठ फूट, खाली जाड आणि वर निमुळता. अंग, मान आणि टोकाला बोंड. त्याला एरंडेल चोळतात. तेलाने कातडी सोलवटत नाही आणि पकडही आयती मिळत नाही, मांडी आणि मूठ दोन्हींनी ती कमवावी लागते. अढी, तेढी, दसरंग, वेल, फरारे अशा एकेका प्रकारात अंग उलटं होतं, पण भार बहुतेक वेळा मांडीच्या पकडीवर आणि ओढणाऱ्या हातांवर असतो. त्यामुळे मल्लखांबपटूला दोन गोष्टी आयत्या मिळतात: उलटं होण्याची भीती मोडलेली असते, आणि ओढण्याची ताकद दांडगी असते. खांद्याने वर ढकलायचं काम बोंडावरच्या काही तोलांपुरतं उरतं.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून आणखी एक धारा आली. फ्रीडरिश लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनजवळ उघड्यावर व्यायामाचं मैदान काढलं. डबल बारचा प्रसार त्याच्यापासून झाला. पलटणींच्या कवायतीतून ही साधनं हिंदुस्थानात आली. पुण्यात लष्कराची मोठी छावणी असल्याने ती इथे लवकर रुजली. सैन्याची शारीरिक प्रशिक्षण देणारी संस्था आजही पुण्यातच आहे. १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस सुरू केली आणि हातांवर तोल सांभाळणं तंबूत पोचलं. त्या काळचा उलटा तोल कमानदार असे. पाठ वाकवून पाय डोक्याच्या मागे सोडले की तोल सापडायला सोपं जातं आणि खांदा पूर्ण उघडावा लागत नाही. ताठ रेषेत उभं राहण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पर्धांच्या जिम्नॅस्टिक्सने रूढ केली, कारण बारवर झोके घेताना आणि फिरताना ताठ अंगच उपयोगी पडतं.

पुण्यात व्यायामाला सार्वजनिक वळण मिळालं ते राष्ट्रीय भावनेतून. टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवलं, हे सर्वश्रुत आहे. १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. तिथे देशी आणि विदेशी दोन्ही प्रकार एका छताखाली आले. त्याच सुमारास औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करत होते. हे औंध साताऱ्याकडचं, विद्यापीठापलीकडचं नव्हे; पुणेकरांचा इथे हमखास घोळ होतो. नमस्कारात जोराचेच टप्पे संथपणे येतात, म्हणून कंबर वर नेण्याचा टप्पा गिळला जात नाही. रथसप्तमीला शाळाशाळांतून नमस्कार घालणाऱ्या मुलांचे खांदे नकळत त्याच स्थितीत उघडतात.

१९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार सहा महिन्यांसाठी डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. अधोमुख वृक्षासन, म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, त्यांनी भिंतीला लावून शिकवलं. पट्टा, दोर, लाकडी ठोकळे अशी साधनं वापरून, ज्याचा खांदा उघडत नाही त्यालाही नेमक्या स्थितीत आणायचं हा त्यांचा बाणा. कोपरावर पट्टा बांधला की कोपर बाहेर फाकत नाही आणि भार हाडांवर उतरतो. मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेतून ही पद्धत १९७५ पासून जगभर गेली. आज व्हिडिओ पाहून शिकणारा मुलगा जी भिंत वापरतो तिच्यामागे हा वारसा आहे, जरी त्याला तो परदेशी वाटत असला तरी.

म्हणजे शहरात तिन्ही गोष्टी होत्या: समोर ढकलणं तालमीत, ओढणं मल्लखांबावर, डोक्यावर पेलणं योगात आणि जिम्नॅस्टिक्समध्ये. एकाच माणसाने तिन्ही केल्याचं मात्र क्वचित दिसे. रोजच्या उपयोगाची ताकद तिन्हींच्या बेरजेने येते. भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोंचा. तो उचलून ओट्यावर ठेवणं, माळ्यावर पिंप चढवणं, तेलबैल्यासारख्या ठिकाणी कातळाच्या काठावर स्वतःला ओढून मग ढकलून वर घेणं यात एकच दिशा पुरत नाही.

जोर येत असलेल्याने सुरुवात मनगटापासून करावी. गुडघ्यांवर बसून तळवे जमिनीवर, बोटं पुढे, खांदे हळूहळू मनगटांच्या पुढे. मग बोटं गुडघ्यांकडे वळवून तसंच मागे. दोन-तीन मिनिटं रोज, दुखेपर्यंत नव्हे. त्यानंतर भिंतीकडे पोट करून उलटं चढायचं. पाठ भिंतीला ठेवून लाथ मारत चढण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिच्यात पाय भिंतीवर आपटतात, कंबर कमानदार होते आणि तीच सवय लागते. पोटाकडून चढताना तळवे शेवटी भिंतीपासून वीतभर अंतरावर आणायचे. नाक आणि पायांची बोटं एवढीच भिंतीला लागावीत. बरगड्या आत, ढुंगण आवळलेलं, आणि खांदे कानांकडे ढकललेले. जमीन दूर लोटायची आहे असं समजून ढकला. वीस सेकंदांचे चार-पाच फेरे, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यात तीन-चार दिवस. सलग साठ सेकंद ताठ राहता आलं की मगच भिंत सोडायचा विचार.

तोल तळव्यात असतो, तो जवळून पाहण्यासारखा आहे. बोटं किंचित फाकलेली आणि बोटाचा मधला सांधा थोडा वर उचललेला, म्हणजे बोटांची टोकं जमिनीत रुतल्यासारखी दाबली जातात. अंग पाठीकडे कलायला लागलं की टोकं पांढरी पडतात आणि मनगटाजवळचे स्नायू तरारून येतात. त्या दाबानेच अंग परत येतं. अंग पोटाकडे परतू लागलं तर तळव्याची टाच फारसं काही करू शकत नाही, कारण ती मनगटाच्या अगदी लगत आहे. मग कोपर वाकवावं लागतं किंवा पाय खाली येतात. म्हणून भार कायम बोटांच्या मुळाशी, किंचित पुढे ठेवायचा. तर्जनीचं मूळ उचललं गेलं तर समजावं, कोपर फाकलंय.

कंबर वाकते तेव्हा बहुतेक जण पोट कमकुवत म्हणून पोटाचे व्यायाम वाढवतात. बऱ्याच वेळा दोष खांद्याचा निघतो. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर जमिनीला चिकटवून दोन्ही हात सरळ डोक्यामागे न्या. हात जमिनीला टेकण्याआधीच कंबर उचलली, तर खांदा बंद आहे. अशा माणसाने भिंतीवर चढण्याआधी दीड-दोन महिने सिंगल बारला लोंबकळावं, तीस सेकंदांचे तीन-चार फेरे, आणि पूर्ण टप्प्यांचे संथ जोर मारावेत. पुल-अपही इथेच जोडून घ्यावेत. सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं दहा पुल-अपसाठी झटतात, कारण दहाला पूर्ण ४० गुण मिळतात. पण खांदा वर ढकलून ढकलून दुखू नये म्हणूनही ओढण्याचे फेरे ढकलण्याइतकेच हवेत.

पडायला आधी शिकावं. पाठीकडे तोल गेला की एक हात पाऊलभर पुढे टाकून कंबर वळवायची, पाय बाजूला उतरतात. हे भिंतीजवळ दहा-वीस वेळा मुद्दाम केलं की अंग आखडत नाही. ज्यांना रक्तदाबाचा किंवा काचबिंदूचा त्रास आहे त्यांनी उलटं होऊच नये. उलट्या स्थितीत डोळ्यातला दाब वाढतो.

उलटं उभं राहून जोर मारणं ही पुढची पायरी. त्यात वर येण्याआधी खाली जायला शिकतात. भिंतीला पाय लावून पाच सेकंद मोजत डोकं जमिनीकडे न्यायचं, खाली पातळ गादी, मग पाय खाली सोडून द्यायचे. तीन-चार वेळा, तीन फेरे. डोकं तळव्यांच्या रेषेत टेकवलं तर कोपरं बाहेर जातात आणि मानेवर भार येतो. डोकं तळव्यांच्या थोडं पुढे टेकावं, म्हणजे दोन तळवे आणि डोकं यांचा त्रिकोण होतो आणि कोपरं मागे राहतात.