डबा की रीमॅप? बाइकच्या 'ट्यूनिंग'चा आणि अ‍ॅव्हरेजचा घोळ

आमच्या इंदूरला मायलेज फारसं कुणी म्हणत नाही, अ‍ॅव्हरेज म्हणतात. आणि बाइकच्या पेट्रोलशी केलेल्या कुठल्याही खटपटीला ट्यूनिंग. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला तरी ट्यूनिंग, सीटखाली आगपेटीपेक्षा जरा मोठा डबा बसवला तरी ट्यूनिंग, लॅपटॉप जोडून ईसीयूतली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली, फाइल बदलली तरी तेच. त्यामुळे मागच्या थंडीत भाचा सुदामा नगरला घरी आला आणि "मामा, गाडी ट्यून करून घेतली" म्हणाला, तेव्हा मी विचारलं, म्हणजे नक्की काय केलं? त्याला धड सांगता येईना. बिल मागितलं तर त्यावरही 'ट्यूनिंग' एवढाच शब्द. शेवटी अंगणात सीट काढून बघितली. डबा होता. आणि हा तीन आठवडे मित्रांना सांगत हिंडत होता की रीमॅप केलं.

अशी गफलत करणारा तो एकटा नाही. डबा म्हणजे पिगीबॅक, आणि रीमॅप म्हणजे ईसीयूच्या आतला तक्ताच बदलणं. दोन्हींनी गाडी तरतरीत वाटते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. अ‍ॅव्हरेजचं मात्र दोन्हींत वेगवेगळं होतं, आणि डब्याच्या बाबतीत तर गाडीचं मीटर चक्क खोटं बोलायला लागतं. ते कसं, हे कळायला आधी इंजिनात थोडं डोकवावं लागेल.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला तो सांगतो, अमुक इतके मिलिसेकंद उघडा राहा. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला एक ग्रॅममागे साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण जमलं की नाही हे सांगायला सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक बाइकमधला हा सेन्सर काही फार शहाणा नसतो. पेट्रोल जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी पडलं तर ०.१ च्या. आमटीत मीठ जास्त झालं की कमी, एवढंच सांगणाऱ्या पाहुण्यासारखा. किती चमचे, ते त्याला विचारू नये. पण ईसीयूला तेवढं पुरतं. जरा वाढव, जरा कमी कर, असं करत तो मिश्रण १४.७ च्या आजूबाजूला झुलवत ठेवतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. पलासियाच्या सिग्नलला उभे असता तेव्हा आणि रिकाम्या सुपर कॉरिडॉरवर एका चालीनं साठनं जाता तेव्हा हेच चालू असतं. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ जोरात पिळली की ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि आपल्या तक्त्यातले आकडे बघून पेट्रोल सोडतो. तेही मुद्दाम जास्त, तेराच्या आसपास. जास्तीत जास्त ताकद तिथे मिळते आणि इंजिन फार तापत नाही. हा ओपन लूप.

तुमचं रोजचं अ‍ॅव्हरेज बहुतांशी क्लोज्ड लूपमध्ये ठरतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

डबा बसतो ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये. ईसीयूनं "चार मिलिसेकंद" म्हटलं की डबा ते ऐकतो आणि इंजेक्टरला म्हणतो, "सव्वाचार." ईसीयूला याचा पत्ता नसतो. पण सेन्सर पाइपातून ओरडतो, पेट्रोल जास्त झालं! मग ईसीयू आपला आकडा खाली आणतो. डबा वाढवतो, ईसीयू कमी करतो, आणि इंजिनात जायचं तेवढंच पेट्रोल जातं. म्हणून जरा बरे डबे सेन्सरच्या वायरीतही हात घालतात आणि ईसीयूला खोटा निरोप देतात की सगळं ठीक आहे. मग मिश्रण खरोखर जाड होतं. समजा १४.७ चं १३.८ झालं, तर तेवढ्याच हवेत साडेसहा टक्के जास्त पेट्रोल गेलं. पस्तीस देणारी गाडी तेहतिसावर आली. बदल्यात दोन-अडीच हजार आरपीएमला राजवाड्याच्या गर्दीत जे झटके बसतात ते कमी होतात, इंजिन जरा थंड राहतं. हा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. फक्त तो पेट्रोल देऊन विकत घेतलेला असतो. स्वस्तातला डबा तर हवेच्या तापमानाच्या सेन्सरला फसवतो: हवा आहे त्यापेक्षा थंड आहे असं ईसीयूला भासवायचं, की तो आपणहून पेट्रोल वाढवतो. महागडे काही डबे स्पार्कची वेळही बदलतात, पण बहुतेकांना फक्त पेट्रोल घालता येतं.

आता भाच्याच्या मीटरकडे येऊ. गाडी अडीचशे सीसीची, मीटरवर सरासरी अ‍ॅव्हरेज दाखवणारी. डबा बसवायच्या आधी ३५ दिसायचं, नंतर ३७ दिसायला लागलं. "भिया, मीटर देख लो, एवरेज बढ़ गया," गॅरेजवाल्यानं अभिमानानं दाखवलं होतं म्हणे. तो खोटं बोलत नव्हता, बिचाऱ्याचाही तसाच समज असावा. पण मीटर अ‍ॅव्हरेज काढतं ते ईसीयूच्या हुकुमावरून: इंजेक्टरला एकूण किती वेळ उघडं राहायला सांगितलं आणि चाक किती फिरलं. टाकीत उरलेलं पेट्रोल मोजून नाही. भाच्याचा डबा सेन्सरला हात न लावणारा होता. त्यानं वाढवलं, ईसीयूनं तेवढंच कमी केलं, आणि मीटरनं फक्त ईसीयूचं कमी केलेलं बघितलं. पेट्रोल तेवढंच जळत होतं आणि मीटर बचत दाखवत होतं! टाकी भरून मोजलं तेव्हा ३४ आलं. मूठ पिळल्यावर, जिथे ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, तिथे डब्याचं जादा पेट्रोल खरोखरच जळत होतं.

सेन्सरला फसवणारा डबा असता तर मीटर ३५ वरच राहिलं असतं आणि टाकी लवकर रिकामी झाली असती. दोन्हीकडे चूक मालकाला खूश करणारीच.

रीमॅप वेगळं. इथे मध्ये कुणी बसत नाही, ईसीयूचाच हुकूम बदलतो. ट्यूनर गाडीच्या पोर्टमधून किंवा ईसीयू काढून फाइल वाचतो. आत तक्ते असतात: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला मूठ किती उघडी किंवा हवेचा दाब किती, आणि प्रत्येक घरात एक आकडा. पेट्रोलचा तक्ता, स्पार्कच्या वेळेचा तक्ता, आरपीएमची मर्यादा, आणि क्लोज्ड लूप कुठून कुठपर्यंत चालू ठेवायचा तेही. चांगला ट्यूनर गाडी डायनोवर, म्हणजे जागच्या जागी चाक फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून, पाइपात नेमकं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून घर न् घर तपासतो. वाईट ट्यूनर इंटरनेटवरून उतरवलेली तयार फाइल टाकून तेवढेच पैसे घेतो.

रीमॅप करायला निघाला असाल तर हॉर्सपॉवरच्या आधी एकच विचारा: क्लोज्ड लूप चालू ठेवणार की बंद करणार? चालू ठेवला तर एका चालीच्या प्रवासात मिश्रण पूर्वीसारखंच राहील, अ‍ॅव्हरेज जागच्या जागी, आणि बदल जाणवेल तो फक्त मूठ पिळल्यावर. बंद करून सगळीकडे १३.५ धरलं, तर सुपर कॉरिडॉरवर शांत चालवतानाही नऊएक टक्के जादा पेट्रोल जाईल. तिसराही रस्ता आहे: हलक्या मुठीला मिश्रण १५.४ पर्यंत पातळ करायचं. तेवढ्यानं पेट्रोल पाचेक टक्के वाचतं, स्पार्कची वेळ नीट लावली तर थोडं आणखी. पण मग गाडी कमी वेगात हिसके देते, आणि धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला आवरत नाहीत, कारण त्याला १४.७ च्या जवळचंच मिश्रण मानवतं. म्हणून कुणी ट्यूनिंगनं २० टक्के अ‍ॅव्हरेज वाढवून देतो म्हणाला, तर नमस्कार करून निघावं. गाडी आधीच १४.७ वर चालतेय. एवढं पेट्रोल वाचवायला ते वाया जात असायला तर हवं! पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

"कंपनीवाले दुसरीकडे सेट करतात, आपल्या इंदूरची हवा वेगळी," हेही ऐकायला मिळतं. हवा वेगळी आहे खरी. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथली हवा पाचेक टक्के विरळ. कार्ब्युरेटरला ते कळत नव्हतं, म्हणून इथे आल्यावर तो जरा जाड चालायचा आणि स्क्रू फिरवणाऱ्या उस्तादांचं घर चालायचं. इंजेक्शनच्या गाडीला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. शिवाय नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक आमच्याच शेजारी पीथमपूरला आहे, २०२१ पासून. मालव्याची हवा गाड्या बनवणाऱ्यांना अनोळखी नाही.

ई-२० बद्दल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, थोडक्यात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि २० टक्के मिसळलं की पुरतं जळायला १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास हवा पुरते. त्यासाठी न बनवलेल्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं. ती घट भरून काढायला म्हणून लोक डबा लावतात. पण क्लोज्ड लूपमध्ये सेन्सर ऑक्सिजन बघतो, पेट्रोलची जात विचारत नाही. जुळवून घेणं ईसीयू आधीच करतोय. ऊर्जाच कमी असलेल्या इंधनातून डबा ती कुठून आणणार? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीची गोष्ट निराळी. ती ई-२० वर खरंच पातळ चालते, आणि तिथे एक नंबर मोठा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) हाच इलाज.

वॉरंटी दोन्हींत धोक्यात. डबा सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री काढून ठेवता येतो, आणि लोक ठेवतातही. रीमॅप असं घरच्या घरी काढता येत नाही, मूळ फाइल परत टाकावी लागते, पण सर्व्हिस सेंटरनं सॉफ्टवेअर अपडेट केलं की आपोआप पुसलं जातं आणि तुमचे पैसे गेले.

मोजायचं असेल तर मीटर विसरा. मी भाच्याला घेऊन खंडवा रोडनं ओंकारेश्वरला जाऊन-येऊन दीडशेएक किलोमीटर केले. निघताना आणि परतल्यावर एकाच पंपावर, त्याच नोझलनं, गाडी सेंटर स्टँडवर उभी करून पहिल्या कटपर्यंत भरलं. एकदा साइड स्टँडवर आणि एकदा सरळ भरलं तर टाकीत तेवढ्यानंच फरक पडतो. आणि जाऊन-येऊनच मोजायचं. भेरूघाट उतरताना मूठ सोडली की ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करतो, म्हणून जाताना अ‍ॅव्हरेज छान दिसतं. नर्मदेच्या खोऱ्यातून तीन-साडेतीनशे मीटर चढून परत येताना ते सगळं वसूल होतं.

शेवटी भाच्यानं डबा काढला. पहिले चार-सहा किलोमीटर गाडी हिसके देत चालली, कारण ईसीयूला वजाबाकीची सवय लागली होती. मग सरळ झाली. दोन दिवसांनी त्याचा फोन: "मामा, अ‍ॅव्हरेज ३७ वरून ३५ वर आलं हो!" मी म्हटलं, पंपाची पावती बघ.