रॉ फाइल म्हणजे ‘एडिट न केलेला फोटो’ नव्हे

लग्न उरकलं की फोटोग्राफरला मेसेज येतो, “दादा, सगळे रॉ फोटो पेनड्राइव्हवर द्या ना.” मागणाऱ्याला बहुतेक वेळा हवे असतात एडिट न केलेले जेपीजी. या घोळापायी हिशेब अडकलेले आणि चांगले संबंध तुटलेले इतक्यांदा पाहिलेत की आता नीट लिहितोच.

जेपीजी तुम्ही रोज वापरता. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती. ती जेपीजीहून बरीच मोठी असते आणि कंपनीगणिक तिचं एक्स्टेन्शन बदलतं. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. त्यावरून कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते पुढे. कॅमेऱ्यातून निघालेला जेपीजी कोराकरकरीत नसतोच. सेन्सरने टिपलेल्या उजेडावर कॅमेरा स्वतःच रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस चढवतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. रॉमध्ये ती शिल्लक राहते. 14 बिट रॉमध्ये दर पिक्सेलला उजेडाच्या 16,384 पायऱ्या, तर जेपीजीत दर रंगाला 256. हळदीचा कार्यक्रम घ्या. पिवळा मांडव, पिवळी साडी, गालावर हळद, वरून एलईडीचा निळसर झोत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याची सेटिंग, चुकला की जेपीजीत हळद आणि त्वचा एकमेकांत मिसळतात. चेहरा सावरायला जावं तर साडी बिघडते. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फाइलसोबतची नुसती नोंद असते. ती घरी बसून निवांत बदलता येते.

“पण मोबाइलवर रॉ जेपीजीसारखीच दिसली!” दिसणारच. बरीच अ‍ॅप रॉच्या पोटात ठेवलेला तयार जेपीजीच दाखवतात.

रोलच्या काळात निगेटिव्ह बहुधा स्टुडिओत राहायच्या आणि जादा प्रिंटसाठी गिऱ्हाईक परत यायचं. डिजिटलमुळे ती कमाई आटली. आता पैसे मिळतात ते फोटो काढण्याचे, निवडण्याचे आणि रंगकामाचे. म्हणून माझं मत ठाम आहे: कॅमेऱ्यातले जेपीजी मागितले तर देऊन टाकावेत, हार्ड डिस्क गिऱ्हाइकाची. रॉचा दर वेगळा, आणि तो कोटेशनमध्ये आधीच लिहिलेला. बुकिंग मिळवायला “रॉ पण देतो” असं बोलून जाणाऱ्या फोटोग्राफरांचा मला गिऱ्हाइकांपेक्षा जास्त राग येतो.

आणि “माझे फोटो, हक्क माझाच” हे फोटोग्राफरचं म्हणणंही तोंडी चालत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा असतो.