ख्रिस्ती धर्मादाय घरबांधणी

ख्रिस्ती धर्मादाय घरबांधणी : बेघर कुटुंबांना, किंवा पडक्या, कोंदट, भाड्याच्या जागेत दिवस काढणाऱ्यांना चर्च, धर्मसंघ किंवा ख्रिस्ती प्रेरणेने चालणाऱ्या संस्था यांनी राहते घर मिळवून देण्याची परंपरा. अन्नदानापेक्षा हे दान वेगळ्या जातीचे आहे. भुकेल्याच्या पानात वाढले की दात्याचे काम तेवढ्यापुरते संपते. घरामागे जमीन, कागदपत्रे, कर, डागडुजी आणि पुढची वीस-तीस वर्षे येतात. म्हणूनच घर कोणाला द्यायचे आणि बदल्यात त्याच्याकडून काय घ्यायचे, हे प्रश्न या परंपरेला पहिल्यापासून सुटलेले नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काळागणिक बदलत गेले, आणि ते बदल पाहण्यासारखे आहेत.

बायबलमधील आधार मुख्यतः तीन ठिकाणी सापडतो. यशयाच्या ५८व्या अध्यायात खरा उपवास कोणता ते सांगताना निराश्रिताला घरात घेण्याचा उल्लेख येतो. मत्तयाच्या २५व्या अध्यायात परक्याला आसरा देणे म्हणजे ख्रिस्तालाच आसरा देणे, असे म्हटले आहे. तिसरे वचन निर्गमच्या २२व्या अध्यायातले : गरिबाला कर्ज दिले तर त्याच्याकडून व्याज घेऊ नये. प्रवचनांत पहिली दोन वचने जास्त येतात, पण विसाव्या शतकातल्या घरबांधणीचा सगळा हिशेब तिसऱ्यावर उभा राहिला.

जर्मनीतील आउग्सबुर्कची फुगराय ही वस्ती या परंपरेचा एक फार जुना आणि अजून नांदता नमुना. याकोब फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने तिचे दानपत्र १५२१ मध्ये केले. कष्टाळू पण गरजू अशा कॅथलिक नगरवासीयांसाठी ती होती. वर्षाचे भाडे एक ऱ्हेनिश गुल्डन ठरले. आजच्या चलनात ते ०.८८ युरो होते आणि आजही तेवढेच घेतले जाते. त्याखेरीज रहिवाशांनी फुगर घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. रात्री वेशीचा दरवाजा बंद होतो. उशिरा येणाऱ्याला किरकोळ दंड पडतो. फुगर हा सम्राटांना कर्जे देणारा सावकार होता हे ध्यानात घेतले, तर त्याच्या लेखी हा सौदा तोट्याचा नसावा : भाडे नाममात्र, पण प्रार्थना कायमच्या. संगीतकार मोझार्टचा पणजोबा, पेशाने गवंडी, याच वस्तीत राहिला होता. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वस्तीची मोठी हानी झाली, ती पुन्हा उभारली गेली. तिचा खर्च आता मुख्यतः प्रतिष्ठानाच्या मालकीच्या जंगलांच्या उत्पन्नातून भागतो.

प्रार्थनेच्या जागी घाम आला तो अमेरिकेत. जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळ क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४२ मध्ये कॉइनोनिया नावाची शेतवस्ती काढली. जॉर्डन शेतकी शास्त्राचे पदवीधर होते आणि नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे पंडितही. कॉइनोनिया हा ग्रीक शब्द सहभागाचा, सहजीवनाचा. गोरे आणि काळे तिथे एका पंगतीला बसत, एवढ्यावरून १९५० च्या दशकात आसपासच्या व्यापाऱ्यांनी वस्तीवर बहिष्कार टाकला, गोळीबार आणि स्फोटही झाले. पुढे मिलर्ड फुलर हे वकील-उद्योजक तिथे आले. तिशीच्या आत लक्षाधीश झालेल्या फुलर यांचा संसार १९६५ मध्ये मोडायला आला होता. पत्नी लिंडा यांच्याशी समेट झाल्यावर दोघांनी संपत्ती वाटून टाकली. १९६८ मध्ये जॉर्डन व फुलर यांनी अर्ध्या अर्ध्या एकराचे ४२ भूखंड आखले. योजना साधी होती : घर बांधायचे, नफा न घेता विकायचे, व्याज लावायचे नाही, आणि परत येणाऱ्या हप्त्यांतून पुढचे घर बांधायचे. पहिले घर पुरे व्हायच्या आधीच, १९६९ मध्ये, जॉर्डन वारले.

फुलर दांपत्याने १९७३ ते १९७६ या काळात झाईरमधील (आताचे कांगो लोकशाही प्रजासत्ताक) म्बांडाका येथे हीच रीत करून पाहिली आणि परतल्यावर १९७६ मध्ये हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था स्थापली. फुलर तिच्यामागच्या विचाराला हातोड्याचे धर्मशास्त्र म्हणत. देवाविषयी मतभेद असलेली माणसेही एकाच भिंतीत खिळे ठोकू शकतात, असा त्याचा आशय. संस्थेचे नाव घरोघरी गेले ते माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्यामुळे. त्यांचे प्लेन्स हे गाव अमेरिकसच्या शेजारीच. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका पडीक सहामजली इमारतीत १९ कुटुंबांची घरे करण्यासाठी ते स्वयंसेवकांसह गेले, आणि पुढे पत्नी रोझलिन यांच्यासह तीस-पस्तीस वर्षे ही वारी चालू ठेवली. २००६ मध्ये ती लोणावळ्याजवळ आली होती. फुलर यांना मात्र २००५ मध्ये संचालक मंडळाने पदावरून दूर केले.

या पद्धतीत कुटुंबाची निवड तीन गोष्टींवर होते : गरज, हप्ता फेडण्याची ऐपत आणि स्वतः राबण्याची तयारी. धर्म विचारला जात नाही. कुटुंबाने आपल्या किंवा दुसऱ्याच्या घरावर ठरलेले तास, बहुधा काही शे, काम करायचे. याला घामाचा वाटा म्हणता येईल. ज्याला शिडी चढवत नाही त्याला कार्यालयातले काम मिळते. अमेरिकेत बाजारभाव आणि विक्रीची किंमत यांतल्या फरकाचे पुष्कळदा दुसरे गहाणखत केले जाते. घर लगेच विकून कोणी नफा कमावू नये, हा त्याचा उद्देश. वर्षे सरतात तशी ही रक्कम सामान्यतः माफ होत जाते. किल्ली देताना प्रार्थना होते, बऱ्याच ठिकाणी बायबलही भेट दिले जाते. श्रद्धा इथे अट म्हणून येत नाही, देणाऱ्याचे कारण म्हणून येते. तरीही परक्या धर्माच्या कुटुंबाला त्या क्षणी नाही म्हणणे कितपत मोकळेपणाने जमत असेल, ही शंका रास्त आहे.

फ्रान्समध्ये आबे प्येर या धर्मगुरूने १९४९ मध्ये एमाउस चळवळ सुरू केली. १ फेब्रुवारी १९५४ रोजी, रस्त्यावर गारठून मेलेल्या एका स्त्रीची हकिगत सांगत, त्यांनी रेडिओवरून मदतीची हाक दिली. देणग्यांचा पूर लोटला आणि सरकारला तातडीची घरकुले बांधावी लागली. त्यांच्यावरचे लैंगिक अत्याचाराचे आरोप २०२४ मध्ये उघड झाले. त्यानंतर त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने ते नाव सोडले. चिलीमध्ये जेझुइट धर्मगुरू फेलिपे बेर्रिओस यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये विद्यार्थ्यांनी झोपडवस्त्यांत लाकडी घरे उभारायला घेतली. १८ चौरस मीटरचे हे घर तात्पुरते धरलेले असते.

टीकेचा मुख्य रोख संख्येवर आहे. स्वयंसेवकांच्या हातांनी घरे मोजकीच होतात, आणि जमिनीचे भाव व भाडेकायदे यांवर हातोडा चालत नाही. ऐपतीची अट घातली की नियमित कमाई नसलेली, म्हणजे सर्वांत अडलेली कुटुंबे आपोआप गळतात. अट काढली की हप्ते थांबतात आणि पुढचे घर अडते. आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. देणगीदारांसमोर कुटुंबाला आपली कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागते, छायाचित्रांत हसावे लागते. फुगरायमधल्या तीन प्रार्थना निदान बंद दाराआड म्हणता येत.