पंचेचाळिशीत दिवस गेले तर

चाळिशी उलटलेल्या बाईची पाळी दोन महिने आली नाही, तर घरात कोणालाच त्याचे नवल वाटत नाही. कोकणातल्या एखाद्या वाडीतील शेहेचाळीस वर्षांची गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. थोरली मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेलेली आहे, धाकटा मुलगा आयटीआयला आहे, आणि इतकी वर्षे मुंबईत नोकरी केलेले यजमान आता आंब्याच्या बागेकडे पाहण्यासाठी कायमचे गावी आले आहेत. तिला थकवा येतो, रात्री झोप लागत नाही, छाती जड वाटते. शेजारीण म्हणते, ‘पाळी जायचं वय झालं आता.’ हे निदान बहुतेक वेळा बरोबरच असते. जेव्हा ते चुकते, तेव्हा मात्र चूक उमगेपर्यंत चौथा किंवा पाचवा महिना लागलेला असू शकतो, आणि माझ्या मते अशा गर्भधारणेत टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे नुकसान या हुकलेल्या आठवड्यांमुळेच होते.

सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी येते. तिच्या आधीची काही वर्षे बीजकोश शांत झालेले नसतात, केवळ बेशिस्त झालेले असतात. जन्मतः मुलीच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात; वयात येताना तीन-चार लाख उरतात आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास जेमतेम हजारभर. बीजे कमी होऊ लागली की बीजकोशाकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला मिळणारा ‘पुरे’ हा संदेश क्षीण होतो, त्यामुळे ती ग्रंथी बीजे पिकवणारे एफएसएच हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. या वाढत्या रेट्याने एखाद्या महिन्यात बीज फारच लवकर पिकते, पुढचे दोन महिने काहीच घडत नाही, आणि मग अवचित पुन्हा बीज सुटते. कधी एकदम दोन बीजेही पिकतात. तिशीच्या उत्तरार्धात जुळ्यांचे प्रमाण वाढलेले दिसते ते याच कारणाने. चाळिशीत नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याची शक्यता दर महिन्याला पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि पंचेचाळिशीनंतर ती एक टक्क्याच्या घरात येते. शक्यता थोडी आहे खरी, पण ती शून्य समजून चालणाऱ्या जोडप्यांची संख्या थोडी नाही.

कोकणात या समजुतीला आणखी एक बाजू आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या, कारण कर्ते पुरुष मोठ्या संख्येने मुंबईत होते. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरताच सहवास घडलेल्या जोडप्याला गर्भनिरोधनाची नियमित सवय लागलेली नसणे स्वाभाविक आहे. आणि पती कायमचा घरी परततो तेव्हा आता त्याची गरज उरली नाही, असे दोघेही गृहीत धरतात. मूळच्या मुरुडच्या र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्यांच्या मुलखात आज शंभर वर्षांनंतरही या वयाच्या जोडप्यांशी हा विषय बोलायला डॉक्टरसुद्धा संकोचतात, याला काय म्हणावे?

उशिराच्या गर्भधारणेत गर्भपात आणि गुणसूत्रदोष यांचे प्रमाण का वाढते, हे समजण्यासाठी बीजाचे वय लक्षात घेतले पाहिजे. पुरुषाचे शुक्रजंतू सतत नव्याने तयार होतात, परंतु स्त्रीचे बीज ती आईच्या पोटात असतानाच विभाजन सुरू करून मध्येच थांबते आणि ते विभाजन थेट बीज सुटण्याच्या वेळी पुढे सरकते. म्हणजे ४५ व्या वर्षी सुटलेल्या बीजातील गुणसूत्रांच्या जोड्या साडेचार दशके एकमेकींना धरून बसलेल्या असतात. त्यांना बांधून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिने, अनेक पावसाळे खाल्लेल्या कुंपणावरच्या सुंभासारखी, हळूहळू सैल होतात, आणि वाटणी होताना एखादे गुणसूत्र भलत्या बाजूला जाते. असे बहुतेक गर्भ टिकतच नाहीत. पंचेचाळिशीनंतरच्या निम्म्याहून अधिक गर्भधारणा गर्भपातात संपतात. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त झाल्याने होणारा डाऊन सिंड्रोम पंचविशीतील मातांच्या साधारण १,२५० बाळांत एकाला, चाळिशीत १०० मध्ये एकाला आणि ४५ व्या वर्षी ३० मध्ये एकाला आढळतो. हीच गोष्ट उलट बाजूने सांगायची, तर ४५ व्या वर्षीही ३० पैकी २९ बाळांना हा दोष नसतो, आणि घाबरलेल्या जोडप्याला हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. वडिलांचे वय यात पूर्णपणे निर्दोष नसते. त्यांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे शुक्रजंतूंत सुमारे दोन नवी उत्परिवर्तने जमा होतात, पण एकूण धोक्यात त्यांचा वाटा लहान आहे.

आता त्या आठवड्यांचा प्रश्न. पाळी आधीच अनियमित असल्याने शेवटच्या तारखेवरून गर्भाचे वय काढणे भरवशाचे राहत नाही. ते पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत सर्वांत अचूक कळते. आईच्या रक्तावरून गर्भाच्या गुणसूत्रांचा अंदाज देणारी एनआयपीटी ही तपासणी दहाव्या आठवड्यापासून करता येते, बाळाच्या मानेमागील द्रवाची सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानच होते, आणि दोष असल्याची शंका आली तर खात्रीसाठी गर्भजलाची तपासणी पंधराव्या आठवड्यानंतर करतात. गर्भलिंग सांगणे मात्र १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. मूल नको असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो आणि गर्भनिरोधन फसले हे कारणही कायद्याला मान्य आहे. २४ आठवड्यांपर्यंतची मुभा ठरावीक गटांतील स्त्रियांनाच असून तिथे दोन डॉक्टरांचे मत लागते. स्त्रीचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरवर असते, त्यामुळे जावई काय म्हणेल या धास्तीने लांबणीवर टाकण्याचे कारण नाही.

मूल हवे असेल, तर लक्ष आईकडे वळवावे लागते. या वयात गर्भारपणातील मधुमेह, उच्च रक्तदाब, वार खाली असणे आणि सिझेरियन या सर्वांचे प्रमाण वाढते. रक्तदाब १४०/९० च्या पुढे जाऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. तो कमी करण्यासाठी अनेकदा कमी मात्रेतील ॲस्पिरिन दिले जाते, परंतु ते बाराव्या आठवड्यापासून आणि शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करावे लागते. म्हणजे येथेही उशीर नडतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत विनामूल्य तपासणी होते. आणखी एक हिशेब कोकणातल्या माणसाला वेगळा सांगायला नको : प्रसूतीची तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल, तर घाटात दरड कोसळण्याआधीच कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्यातील बांबोळी यांपैकी कुठे जायचे, हे ठरवून काही दिवस आधी तिथे मुक्कामाला गेलेले बरे.

ज्या स्त्रीचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आहे, तिलाही दिवस जाऊ शकतात. असे क्वचितच घडते, पण घडले तर गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहण्याची शक्यता बरीच असते. पाळी चुकल्यावर ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. इतरांनी पाळी चुकताच औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणावी, म्हणजे शेजारणीच्या निदानावर विसंबावे लागणार नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर थांबली असेल तर एक वर्ष, गर्भनिरोधन चालू ठेवावे. चाळिशीनंतर बसवलेली तांबी रजोनिवृत्तीपर्यंत ठेवली तरी चालते. पतीची नसबंदी ही बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी शस्त्रक्रिया आहे. मात्र तिच्यानंतर तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून त्यात शुक्रजंतू नसल्याची खात्री होईपर्यंत निरोध वापरावाच लागतो.